घरची लिथियम बॅटरी आणि वऱ्हाडातले ऊन

विजेवर चालणाऱ्या सायकलीची जुनी शिसे-आम्लाची बॅटरी दोन उन्हाळ्यांत मान टाकते, तेव्हा बहुतेकांच्या मनात लिथियम बॅटरीचा विचार येतो. तयार बॅटरीची किंमत ऐकली की दुसरा विचार येतो, सुटे सेल आणून आपणच ती का बांधू नये? अमरावती, अकोल्यासारख्या शहरांत मोटार वाइंडिंग आणि इन्व्हर्टर दुरुस्तीची कामे करणाऱ्या हातांना हे काम अवघड वाटत नाही, आणि जोडणीपुरते पाहिले तर ते फारसे अवघड नाहीच. अडचण आहे ती जोडणीनंतर. अशी बॅटरी पुढे काही वर्षे घरातल्या माणसांच्या सोबतीने, मे महिन्यातल्या उकाड्यात रोज चार्ज व्हायची असते.

आधी थोडे गणित. लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला. त्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. सर्वांत परिचित सेल म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा '१८६५०'. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी रसायनाच्या अशा सेलचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. असे १३ सेल एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्ट होतात. प्रत्येक जागी एकाऐवजी चार सेल समांतर बांधले, तर एकूण ५२ सेल लागतील. प्रत्येक सेल अडीच अँपिअर-तासांचा धरल्यास बॅटरी १० अँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे ४८० वॅट-तासांची होते. सेलचे वजन जेमतेम अडीच किलो. तेवढ्याच विजेसाठी शिशाच्या बॅटऱ्या पंधरा किलोंच्या आसपास जातात.

सपाट रस्त्यावर, थोडे पायडल मारत गेल्यास अशी सायकल किलोमीटरला साधारण १५ वॅट-तास खाते. म्हणजे हिशेबाने ३० किलोमीटरांची मजल झाली. अमरावती ते बडनेरा जाऊन-येऊन वीज उरेल. परतवाड्याहून चिखलदऱ्याची चढण मात्र वेगळी. सुमारे सातशे मीटरांची उंची, माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो धरले तर नुसते वर चढायलाच १९० वॅट-तास लागतात आणि मोटारीत वाया जाणारी वीज वेगळी. घाटासाठी बॅटरी बांधणाऱ्याने सपाटीचे हिशेब करू नयेत.

आता सेलच्या निवडीविषयी. बाजारात ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले १८६५० सेल सर्रास मिळतात. ते आकडे खोटे असतात. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या घरात संपते. तराजू येथे उपयोगी पडतो. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, त्याहून बराच हलका असेल तर तो परत करावा. दुसरा मोह जुन्या लॅपटॉपमधून निघालेल्या सेलचा. असे सेल दिव्याला किंवा छोट्या पंख्याला ठीक आहेत. घरात चार्ज होणाऱ्या वाहनाला ते लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण पुढे येते.

सेलांना थेट डाग देऊ नये; कथिल वितळवणारी उष्णता आतल्या पडद्याला इजा करते. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने बसवाव्यात. पट्टी शुद्ध निकेलची आहे की निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, हे डोळ्यांना कळत नाही. तिला कानशीने ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवस ठेवावे. गंज चढला तर लोखंड. लोखंडी पट्टी जास्त तापते आणि पावसाळ्यात सडते. आणखी एक बारकावा नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. या सेलचा संपूर्ण धातूचा डबा ऋण असतो, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत. दोन्हींमध्ये असते ती फक्त प्लॅस्टिकची पातळ साल. म्हणून प्रत्येक धन टोकावर जाड कागदाची चकती हवीच. वाइंडिंग करणाऱ्यांकडे मिळणारा लेदराइड कागद त्यासाठी चालतो. काम करताना हातातली अंगठी आणि कडे काढून ठेवावे. पन्नास-पंचावन्न व्होल्टचा झटका बहुधा जिवावर बेतत नाही. पण धातू आडवा आला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी लालबुंद होते. फ्यूजही विचारून घ्यावा. मोटारगाडीतला साधा फ्यूज ३२ व्होल्टसाठी असतो, ५४ व्होल्टला त्यातली ठिणगी विझेलच असे नाही.

बीएमएस नावाची पाटी ही बॅटरीची राखणदार. ती तेराही गटांचा दाब वेगवेगळा मोजते. एखादा गट जास्त भरला वा फार रिकामा झाला की प्रवाह तोडते. ती नसेल तर दुबळा गट चार्जिंगमध्ये सर्वांत आधी ओसंडतो आणि चालवताना सर्वांत आधी कोरडा पडतो. मात्र या राखणदाराला समांतर गटाच्या आतले दिसत नाही. चार सेलांपैकी एकाच्या आतच शॉर्ट झाला, तर उरलेले तीन आपली वीज त्याच्यात ओततात आणि ते थांबवण्याचे कोणतेही साधन पाटीकडे नसते. जुन्या, ठोकर खाल्लेल्या, मधले आयुष्य ठाऊक नसलेल्या सेलांत हा धोका वाढतो.

दुसरा धोका चार्जरचा. १३ गटांची बॅटरी ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते. घरात शिशाच्या ४८ व्होल्ट बॅटरीचा जुना चार्जर पडलेला असतो. तो ५८ व्होल्टच्या आसपासपर्यंत जातो. तेरांनी भागले तर प्रत्येक गटावर जवळपास साडेचार व्होल्ट. बीएमएस ठीक असेल तोवर ती वेळेवर तोडेल. ती एकदा बिघडली की सेल फुगण्यापासून आग लागण्यापर्यंत काहीही होऊ शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी देशात अशा आगींच्या अनेक घटना घडल्या आणि केंद्र सरकारने दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ या मानकाच्या अटी कडक केल्या. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. घरी बांधलेली बॅटरी यातल्या कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते, हे बांधणाऱ्याने मान्य करूनच पुढे जावे. कायद्याची आणखी एक रेघ आहे. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंपर्यंत, एवढ्यातच सायकल नोंदणी व परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. जोरकस बॅटरी हाताशी आली की मोटारही मोठी बसवण्याचा मोह होतो आणि ही रेघ ओलांडली जाते.

वऱ्हाडाचा खरा प्रश्न उन्हाचा. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने उष्णतेमुळे कलम १४४ लागू केले. बहुतेक लिथियम सेलांच्या माहितीपत्रकात चार्जिंगची कमाल मर्यादा ४५ अंशच असते. चालवण्यासाठी ती ६० अंशांपर्यंत असते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी अकोल्यात सायकल सावलीत चालवणे चालून जाईल, चार्ज करणे नव्हे. उन्हात उभ्या सायकलीचा बंद डबा तर हवेहूनही बराच तापतो. दुपारी घरी पोचताच प्लग लावण्याची सवय सोडून बॅटरी निवू द्यावी आणि रात्री जेवणानंतर, घरचे जागे असताना चार्ज करावी. कूलरसमोर ठेवून ती थंड करण्याची शक्कल मात्र नको. त्या हवेतला ओलावा पाटीवर बसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. भरलेली आणि तापलेली अशा दोन्ही अवस्था एकत्र आल्या की ती सर्वांत लवकर म्हातारी होते. अर्धी भरून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी.

या सगळ्याचा विचार करता वऱ्हाडात एनएमसीपेक्षा लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी रसायन अधिक शहाणपणाचे. त्याचा सेल ३.२ व्होल्टचा, म्हणून ४८ व्होल्टसाठी १५ गट लागतात. ३२ मिलिमीटर व्यासाचे, सहा अँपिअर-तासांचे तीस सेल घेतले, तर १२ अँपिअर-तासांची बॅटरी होते. वजन सव्वाचार किलोंपुढे जाते, डबाही मोठा लागतो. पण हे रसायन भडकायला जास्त तापमान लागते, भडकले तरी ज्वाला तुलनेने सौम्य असते आणि ते अधिक वेळा चार्ज होऊ शकते. सायकलीवर दोन किलो जास्त वाहणे परवडते.

चार्जिंगची जागा घराच्या एकमेव दारात किंवा जिन्याखाली नसावी. आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. धूर दिसला, तर जमल्यास भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करून आधी माणसे बाहेर काढावीत आणि १०१ वर कळवावे. तो धूर विषारी असतो. वाळूने ज्वाला झाकते पण सेल निवत नाहीत. ते निवतात भरपूर पाण्याने, आणि ते काम अग्निशमन दलावर सोडणे बरे. विझलेली वाटणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून ती घरात परत आणू नये.

बॅटरीचे आयुष्य संपले की ती घंटागाडीत टाकण्याचा प्रकार टाळावा. कचरा दाबताना सेल चिरडला की तिथेच आग लागते. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात न मिसळता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापर्यंत किंवा संकलन करणाऱ्यापर्यंत पोचवायच्या आहेत. देण्यापूर्वी दोन्ही टोकांवर टेप गुंडाळून घ्यावी.