आकाशातील पस्तीस सेकंद

चार जणांचा संघ सुमारे १०,५०० फुटांवर विमानातून बाहेर पडतो, आणि गुण मिळवण्यासाठी त्याच्यापाशी अवघे ३५ सेकंद असतात. तेवढ्यात हवेतच एकमेकांना धरून ठरलेल्या क्रमाने रचना करायच्या, मोडायच्या, पुन्हा करायच्या. पाचवा सदस्य शिरस्त्राणावर कॅमेरा बसवून सोबत कोसळत असतो. परीक्षक जमिनीवर, ते गुण देतात ते त्याच्या चित्रणावरून. चित्रणात न दिसलेल्या रचनेला गुण नाही.

सरावातही उतरल्यावर पहिले काम हे चित्रण पाहण्याचे. ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने पडणाऱ्याची स्मृती भरवशाची नसते; पकड कोणी आधी सोडली, याविषयी चौघांच्या चार साक्षी निघतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये.

हवाई दलाच्या ‘आकाशगंगा’ संघाच्या रूपाने आकाशउडीचे कौशल्य १९८७ पासून आपल्याकडे नांदते आहे. पाहण्याची ही शिस्त प्रशासनात मात्र उतरलेली नाही. विमान-अपघातांच्या चौकशीचा हेतू पुनरावृत्ती टाळणे हा आहे, दोषारोप नव्हे, असे शिकागो कराराचे तेरावे परिशिष्ट स्पष्ट सांगते. कचेऱ्यांत चित्रण मागवले जाते ते बहुधा ‘कारणे दाखवा’ नोटीस काढण्यासाठी. मग कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद असतो.