सामाईक वाफा आणि आपलं बोलणं-चालणं

वस्तीत भांडणं कशावरून होतात याची यादी केली तर पहिला नंबर पाण्याचा लागेल. नळाची पाळी, हंड्यांची रांग, मोटर कोणी लावली, गटार कोणाच्या दारासमोर तुंबलं. भांडण पाच मिनिटांचं असतं, अबोला मात्र पाच महिने चालतो. याचा आरोग्याशी काय संबंध, असं कोणी विचारील. रोजच्या धुसफुशीने झोप उडते, रक्तदाब असलेल्यांचा रक्तदाब चढतो, एकटी राहणारी म्हातारी माणसं आणखी एकटी पडतात. आणि रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखायला लागलं तर रिक्षा आणायला शेजारचाच मुलगा लागतो. त्या घराशी बोलणं बंद असेल तर माणूस सकाळपर्यंत कळ काढतो. म्हणून या वेळी आम्ही गोळ्या-औषधांऐवजी एका वाफ्याबद्दल लिहीत आहोत.

वाफा म्हणजे फार काही नाही. विहारामागची किंवा समाजमंदिराच्या बाजूची मोकळी जागा, दिवसातून चार-पाच तास ऊन येणारी. रुंदी चार फूट ठेवायची, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो आणि कोणी वाफ्यात पाय देत नाही. लांबी जागेप्रमाणे, दहा फूटही पुरे. पालेभाजीला सहा ते आठ इंच भुसभुशीत माती लागते. एवढ्याशा वाफ्याने वीस घरांचा भाजीबाजार सुटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आठवड्याला घरटी एक जुडी आली तरी खूप.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण सामाईक वाफा माणसांना रोज बोलायला लावतो. पाणी कोण घालणार, शेण कुठून आणायचं, कोंबड्या आत शिरल्या तर जाळी कोणी बांधायची, पहिली जुडी कोणाला, हे एकमेकांना विचारल्याशिवाय चालतच नाही. शिवाय हातात काम असलं की बोलणं सोपं जातं. समोरासमोर बसवून “बोल, काय झालंय तुला?” असं विचारलं तर सोळा वर्षांचा मुलगा तोंड उघडत नाही. शेजारी बसून तण उपटताना तोच मुलगा कॉलेज सोडायचं मनात आहे, हे सांगून टाकतो. सासू-सुनेचंही तसंच आहे.

आता कसं बोलायचं ते बघू. विहारात पंचशील घेताना आपण मुसावादाचं शील घेतो, ते खोटं बोलण्याबद्दल. सम्यक वाचेत त्याखेरीज आणखी तीन गोष्टी टाळायला सांगितल्या आहेत: चहाडी, कठोर बोलणं आणि वायफळ बडबड. वस्तीतली निम्मी भांडणं चहाडीची असतात असं आमचं मत आहे. “ती तुझ्याबद्दल असं म्हणत होती” या एका वाक्यावर दोन घरं तुटतात. वाफ्यापुरता एक नियम करा: ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यालाच सांगायची, तिसऱ्याला नाही. आणि सांगताना माणसाला नावं न ठेवता काय घडलं तेवढंच सांगायचं. “तुमचं नेहमीचंच आहे, तुम्हाला कधी जबाबदारी कळलीच नाही” असं म्हटलं की समोरची बाई तिच्या माहेरापर्यंत जाऊन उत्तर देणार. “वहिनी, काल वाफ्यात पाणी साचलं, रोपं पिवळी पडलीत. उद्यापासून किती डबे घालायचे ते ठरवू या का?” असं म्हटलं तर बोलणं पाण्यावरच राहतं. समोरच्याचं ऐकून झाल्यावर “म्हणजे तुमचं म्हणणं असं ना, की सकाळी तुम्हाला कामावर जायची घाई असते?” एवढं विचारून घ्यावं. पुष्कळदा तिथेच गाठ सुटते.

तरी पाण्यावरून वाद होईलच. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातला रोहिणी नदीचा प्रसंग आपण विहारात ऐकला आहे. शाक्य आणि कोलिय दोघेही त्याच नदीचं पाणी शेतीला घेत. आधी कोणी घ्यायचं आणि किती घ्यायचं यावर दर हंगामात तंटा. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना तो विकोपाला गेला. संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला आणि मार्ग सुचवला: आपण दोन माणसं निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी मिळून वाद मिटवावा. बहुमताने ती सूचना फेटाळली गेली. पण पद्धत आजही वापरण्याजोगी आहे. वाफ्याची पंचकमिटी अशीच करा. गल्लीच्या या टोकाचे दोन, त्या टोकाचे दोन, पाचवा चौघांनी ठरवलेला. पाचांत निदान तीन बाया असाव्यात, कारण पाणी भरतात त्याच.

एकत्र शेती आणि एकत्र बोलणं यांची जोड आपल्या शेजारच्या राज्यात बघायला मिळते. तेलंगणात झहीराबादच्या आसपासच्या गावांत डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून काम करते. तिथल्या महिला संघांत बहुसंख्य दलित बाया आहेत. त्यांनी पडीक जमिनी एकत्र कसल्या, घरचं बियाणं राखलं, धान्य कोठ्या उभ्या केल्या. आणि १५ ऑक्टोबर २००८ ला माचनूर गावात त्यांचं स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू झालं. शेती, बियाणं, आरोग्य यांवर त्या आपल्याच बोलीत बोलतात.

रेडिओ राहू द्या, पण आपल्या वस्तीतही असं ज्ञान गप्प बसलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या आज्यांना तांदुळजा, घोळ, चिवळ, अंबाडी, तरोटा डोळे मिटून ओळखता येतो. घरात त्यांना कोणी काही विचारत नाही. वाफ्यावर मात्र सगळ्यांना त्यांनाच विचारावं लागतं. धणे पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडून त्यांच्या दोन फाका करतात, हे मोबाईल बघणाऱ्या नातवाला आजीकडून कळतं तेव्हा आजीची भूकसुद्धा सुधारते. यात फार अतिशयोक्ती नाही.

काम बायांवरच पडणार नाही एवढं बघा. पुरुषांनी माती वाहायची, फोटोपुरतं यायचं आणि रोजचं पाणी वहिनींनी घालायचं, हे चालणार नाही. पाळी घराच्या नावाने न लावता माणसाच्या नावाने लावा आणि फळ्यावर लिहा. जागा पालिकेची किंवा ट्रस्टची असेल तर आधी लेखी विचारा.

आता तब्येतीच्या चार गोष्टी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. माठ, मेथी, शेवग्याचा पाला जेवणात असावा, वरून लिंबू पिळावं, म्हणजे पाल्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये. मात्र दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या गोळ्या भाजी सुरू केली म्हणून बंद करू नका. रंगाचे, कीटकनाशकाचे डबे कुंड्या म्हणून वापरू नका. भंगार बॅटऱ्या पडल्या होत्या तिथली मातीही नको, शिसं पोटात जातं. नाल्याचं पाणी पालेभाजीला घालू नका; भाजी-तांदूळ धुतलेलं चालतं. कुंड्यांखालच्या ताटल्या, पिंप, डबे आठवड्यातून एकदा कोरडे करा, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. गंजक्या खुरप्याने कापलं तर जखम धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

घरात मारहाण होत असेल तिथे गोड बोलण्याचा उपदेश आम्ही करणार नाही. तिथे १८१ वर फोन करा, तातडीचं असेल तर ११२. मन सतत उदास असेल, जगणं नको वाटत असेल तर टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे, फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. वाफ्यावर येणारी बाई अचानक येईनाशी झाली तर दोघींनी तिच्या घरी जाऊन यावं.

सुरुवातीला वर्षावास संपल्यानंतरचे दिवस चांगले. पाऊस ओसरलेला असतो, थंडी येऊ घातलेली असते आणि ग्रंथवाचनाच्या निमित्ताने माणसं विहारात जमलेलीच असतात. पहिला वाफा मेथीचाच करा; स्वयंपाकघरातले मेथीदाणे चालतात. पंचवीस-तीस दिवसांत ती काढणीला येते. जुड्या कशा वाटायच्या ते पेरणीच्या दिवशीच ठरवून फळ्यावर लिहा. मेथी हातात आल्यावर ते ठरवायला बसू नका.