आवाजाची अमानत

रमजानमध्ये घराचं वेळापत्रक पार उलटंपालटं होतं. एरवी रात्री दहाला दिवे मालवणारी घरं तरावीहच्या नमाजनंतरही जागी असतात. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुलं शनिवार-रविवार गाठून इफ्तारला येतात. आजी, आई आणि नात एकाच दस्तरख्वानवर इतक्या वेळा बसतात, असा वर्षात दुसरा महिना नाही. म्हणून मी दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, घरातल्या वडीलधाऱ्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे असतील तर या दिवसांत करा.

कसले आवाज? हम्द म्हणजे अल्लाहची स्तुती आणि नात म्हणजे प्रेषित मुहंमद (स.) यांचं गुणगान. या दोन्ही रचना बहुतेक ठिकाणी वाद्याविना, नुसत्या गळ्यावर म्हणतात. वाद्यांबद्दल मुस्लिम समाजात एकमत नाही. काही घरांत लग्नातही ढोलक वाजत नाही, तर काही घरांत हळदीच्या रात्री ढोलकीची थाप पडल्याशिवाय लग्नघर वाटतच नाही. रमजानमध्ये मात्र ढोलक खुंटीलाच असते. पण गळा असतो, आणि सवडही असते. नात, सहेरीला उठवायची पदं, बाळाला निजवायच्या लोऱ्या, लग्नातली जुनी गाणी असं बरंच काही एखाद्या आजीच्या किंवा खालांच्या आठवणीत असतं. ते कुठल्याही पुस्तकात नसतं, कुठल्या कंपनीच्या कॅसेटवरही नसतं.

या गाण्यांचं नातं आपल्या मातीशी जुनं आहे. विजापूरच्या सूफी परंपरेत १७ व्या शतकाच्या सुमारास दखनी भाषेत ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ या नावाच्या छोट्या रचना झाल्या. दळताना, सूत कातताना बायकांनी म्हणाव्यात अशा. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर अल्लाहचं नाव ओठांवर यावं, हा त्यामागचा हेतू. लोरीनामे आणि शादीनामेही होते. रिचर्ड ईटन या इतिहासकारांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ सालच्या ग्रंथात दाखवून दिलं, की दख्खनच्या साध्या घरांत धर्माची ओळख पोचवण्यात या गाण्यांचा वाटा मोठा होता. मराठी वाचकाला हे ऐकून जात्यावरची ओवी आठवली नाही तरच नवल. जातं तेच, पहाट तीच आणि खुंट्यावरचे हातही तसेच घट्टे पडलेले.

त्या मराठी ओव्या वाचल्या, कारण कुणीतरी त्या वेळेवर गोळा केल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या काही ध्वनिमुद्रितही केल्या. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, काही ऐकताही येतात. पण आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात कुणी संशोधक यायचा नाही. तिथलं काम घरच्यांनीच करायचं आहे.

आणि घरच्यांनी ते पूर्वी केलेलंही आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये छोटी कॅसेट बाजारात आणली. पुढे ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडे घरोघरी पोचली. कोकणातून आखातात गेलेल्या मंडळींनी टू-इन-वन आणले आणि त्याबरोबर एक नवी रीत आली. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायला सुरुवात केली. एका बाजूला खुशाली, निरोप, कुणाचं लग्न ठरलं, विहिरीला पाणी किती आहे. दुसऱ्या बाजूला मुलांनी म्हटलेली नात, आजीची लोरी. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे प्रत्येक बाजूला पंचेचाळीस मिनिटं. ती संपेपर्यंत सगळं घर त्या यंत्राभोवती बसलेलं. अशा कॅसेटी अजूनही अनेक घरांत जुन्या ट्रंकांत पडून आहेत. काहींना बुरशी धरली आहे. काहींच्या मागची प्लास्टिकची टिकली वेळेवर तोडली गेली नाही, त्यामुळे आजीच्या आवाजावर सिनेमाची गाणी भरली गेली.

आता प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. अडचण यंत्राची नाही, अडचण वेगळीच आहे. रेकॉर्ड केलेला आवाज कुणाचा?

ओळखीच्या एका घरातली गोष्ट आहे. दादीअम्मांनी नातीच्या लग्नाआधी चार गाणी म्हटली. घरातल्या बायकांसमोर, हसतखेळत. एका मुलाने दाराआडून ती रेकॉर्ड केली आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती कुठल्या कुठे गेली. मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला अभिमानच वाटत होता. पण ज्या पिढीत बायका परक्या पुरुषासमोर आवाजही चढू देत नसत, त्या पिढीच्या बाईला आपलं गाणं अनोळखी माणसाच्या फोनमध्ये वाजतंय हे कळलं, तेव्हा ती गप्प झाली. त्यानंतर कितीही आग्रह केला तरी तिने गाणं म्हटलं नाही. ती फाइल अजून फिरते आहे. उरलेली गाणी मात्र तिच्याबरोबर गेली.

याउलट माझ्या खाला. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी रेकॉर्डिंगला होकार दिला तो तीन अटींवर. खोलीत फक्त बायका असतील. फाइल घराबाहेर जाणार नाही. आणि आपल्यामागे ती नातींना मिळेल, त्यांनी ठरवावं पुढे काय करायचं ते. अटी मान्य झाल्यावर त्या दोन रात्रींत सतरा गाणी म्हणाल्या. मधे खोकल्या, एक कडवं विसरल्या, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा ‘डाळ करपेल कुणाची तरी’ म्हणाल्या. ते सगळं आम्ही तसंच ठेवलं आहे. स्टुडिओत हे कापून टाकतील. घरात नेमकं तेच पुन्हा पुन्हा ऐकलं जातं.

आपल्याकडे विश्वासाने सोपवलेल्या ठेवीला अमानत म्हणतात. ती सांभाळायची असते, तिच्यात खोट येऊ द्यायची नसते आणि मालकाला विचारल्याशिवाय वापरायची नसते. घरातल्या आवाजालाही हे तिन्ही नियम लागू आहेत.

सांभाळण्याच्या काही साध्या गोष्टी. पंखा बंद करावा, जमल्यास फ्रिजही थोडा वेळ. फोन फ्लाइट मोडवर टाकून, घडी घातलेल्या चादरीवर, गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. टेबलावर ठेवला तर प्रत्येक टकटक त्यात येते. सुरुवातीला तारीख, गाव आणि गाणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणावं. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी मुद्रित केली, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव सांगत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळावं म्हणून ही सोय होती, असं सांगतात. तुमच्या पणतूसाठीही हीच सोय लागणार आहे.

गाणं झालं की लगेच फोन बंद करू नये. हे कुणाकडून शिकलात, कधी म्हणायचे, या शब्दाचा अर्थ काय, हे विचारावं. खरी माहिती तिथेच मिळते. फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवण्यापेक्षा मूळ फाइलच संगणकावर उतरवून घ्यावी आणि तिच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. जुनी कॅसेट असेल तर टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर संगणकाला जोडून ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती भरता येते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. बुरशी धरलेली कॅसेट मात्र घरी वाजवून बघू नये, फीत तुटते. ती जाणकाराकडे द्यावी.

हे काही फक्त आमच्या मोहल्ल्याचं काम नाही. शेजारच्या काकूंच्या सासूबाईंना भोंडल्याची गाणी येत असतील, भजनी मंडळातल्या एखाद्या आजोबांना कुठेच न छापलेली गौळण पाठ असेल. ईदला शीरखुर्म्याचं बोलावणं तर असतंच. या वेळी येताना त्यांनाही घेऊन या. खाला त्या दिवशी गाणार नाहीत, पण आपण कुणाकडून काय शिकलो हे सांगायला त्यांना आवडेल. तुमच्या आजींनाही बहुधा आवडेल. फोन बाहेर काढण्याआधी दोघींना विचारून घ्यायचं, एवढं लक्षात असू द्या.