पाण्याखालची जमीन



कर्जत तालुक्यांतील आमच्या कडाव गांवांतून पूर्वेकडे दृष्टि टाकली, तर सह्याद्रीची उंच भिंत दिसते. आणि त्या भिंतीपासून निघून भातशेतांकडे उतरत आलेले लांबट उंचवटेही दिसतात. हत्तीनें सोंड खालीं सोडावी तसा त्यांचा आकार असतो, म्हणून त्यांस डोंगराची सोंड म्हणतात. आज मला बोलावयाचें आहे तें या सोंडांविषयींच. मात्र ज्या धरणांच्या पाण्याखालीं गेल्या आहेत त्यांविषयीं.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं गळ हातीं धरला. जवळच्या एका लहान धरणावर, भिंतीच्या सावलींत, मीं दिवसच्या दिवस बसून काढले. पाणी जितकें खोल तितका मासा मोठा, अशी माझी समजूत. आणि भिंतीपाशीं पाणी सर्वांत खोल. पदरांत मात्र कांहीं पडलें नाहीं. एके दिवशीं एक वृद्ध कातकरी गृहस्थ माझी रिकामी पिशवी पाहून हंसले आणि मला काठाकाठानें शंभरएक पावलें दूर घेऊन गेले. "मास्तर, हितं टाका," एवढेंच म्हणाले. तेथें पाण्यावर विशेष असें कांहींच दिसत नव्हतें. तासाभरांत दोन मरळ मासे लागले. "तुम्हांला कसें कळलें?" असें मीं विचारतांच ते म्हणाले, "हितं आमच्या बापाचं शेत होतं. बांध आजून खालीच हाय."

त्या एका वाक्यानें मला धडा दिला. धरणाचें तळें म्हणजे पाणी भरलेलें घंगाळ नव्हे. ती बुडालेली दरी होय. १९२२ सालीं भिवपुरीचें वीजघर सुरू झालें. त्यासाठीं घाटमाथ्यावर मावळांत ठोकरवाडी येथें आंध्रा नदी अडविण्यांत आली. तेंच पाणी वीज निर्माण करून आमच्या पेज नदींत उतरतें. शेजारच्या खालापूर तालुक्यांतील मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवितें. अशा प्रत्येक जलाशयाखालीं नदीचें जुनें पात्र, ओढ्यांच्या घळी, शेतांचे बांध, झाडांचे बुंधे आणि डोंगराच्या सोंडा असतात. वर्षानुवर्षें गाळ बसून कांहीं झांकलें जातें, तरी मूळची ठेवण सहसा लोपत नाहीं.

आतां मासा सोंडेपाशींच कां राहतो? त्याला अन्न, आडोसा आणि सोसेल असें पाणी हवें असतें. उथळ पाण्यांत सूर्यप्रकाश तळापर्यंत पोंचतो. त्यामुळें तेथें शेवाळ वाढतें, त्यावर किडे आणि किड्यांवर लहान मासे पोसतात. परंतु तेथेंच बगळा आणि पाणकावळाही टपलेले असतात. खोल पाणी निर्भय खरें, पण तेथें अन्न तोकडें. शिवाय उन्हाळ्यांत वरचें पाणी तापून हलकें होतें व खालच्या थंड, जड पाण्यावर पसरून राहतें. दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहींत. म्हणून अगदीं तळच्या पाण्यांतील प्राणवायु सरत जातो. मी भिंतीपाशीं ज्या डोहावर भरंवसा ठेवून बसलों होतों, तेथें माशानें राहावें तरी कशाला?

सोंडेवर उथळ आणि खोल पाणी शेजारीं शेजारीं असतें. ओटीवर बसावें आणि नकोसा पाहुणा दिसतांच माजघरांत जावें, अशी ती सोय आहे. मासा सकाळसंध्याकाळ सोंडेच्या माथ्यावर चरतो आणि ऊन चढलें कीं उतारानें खालीं सरकतो. वारा ज्या अंगानें सोंडेवर येऊन आदळतो, त्या अंगाला पाण्यांतील सूक्ष्म जीव लोटले जातात; त्यांच्या मागें लहान मासे, आणि लहानांच्या मागें मरळ, शिवडा यांसारखे शिकारी. जी सोंड खडकाळ असून जिचें टोंक जुन्या नदीपात्राच्या वळणाला जाऊन भिडतें, ती सर्वांत उत्तम समजावी.

हें शास्त्र अमेरिकेंत बास नांवाच्या शिकारी माशाच्या नादानें फार पुढें गेलें आहे. १९२५ सालीं तो मासा जपानांतील आशी सरोवरांत नेऊन सोडण्यांत आला. पुढें तो देशभर पसरला आणि तेथील मूळच्या माशांना इतका जाचक ठरला, कीं २००५ सालीं तो पाळण्यास व सोडण्यास कायद्यानें बंदी करावी लागली. आपण त्यांची विद्या घ्यावी, मासा घेऊं नये.

पाण्याखालची सोंड ओळखावी कशी? पहिला उपाय डोळ्यांचा. काठावरची जमीन ज्या उतारानें पाण्यांत शिरते, तोच उतार बहुधा पुढें कांहीं अंतर चालूं राहतो. दुसरा उपाय मे महिन्याचा. त्या वेळीं पाणी ओसरून तळाचा मोठा भाग उघडा पडतो. तेव्हां जाऊन कागदावर आराखडा काढून ठेवावा. तिसरा उपाय दोरीचा. दोरीला शिशाचें वजन बांधून हाताहातावर गांठी माराव्या, आणि बुडालेल्या गांठी मोजाव्या. आजकाल होडींतून प्रतिध्वनीनें खोली मोजणारें यंत्र मिळतें. पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें १५०० मीटर धांवतो. म्हणजे १० मीटर खोल तळावरून प्रतिध्वनि सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागांत परत येतो. घाटांत हांक मारून उत्तर ऐकावें, तोच हा प्रकार.

येथें एक गोष्ट कळकळीनें सांगतों. सोंड ज्या गुणामुळें माशाला प्रिय, त्याच गुणामुळें माणसाला घातक आहे. गुडघाभर पाण्यांतून चालतां चालतां पुढचें पाऊल दोन पुरुष पाण्यांत पडतें. पावसाळ्यांत सहलीस आलेलीं तरुण मुलें आमच्या भागांतील धरणांत बुडाल्याच्या वार्ता पुन्हा पुन्हा कानीं येतात. वरून सपाट दिसणारें पाणी खालीं सपाट नसतें, एवढें जरी घरांतील मुलांना सांगितलें तरी आजचें भाषण सार्थकीं लागेल.

आणखी एक. पहिल्या पावसांत मासे अंड्यांनीं भरून ओढ्यांतून वर चढतात. त्यांस आमच्याकडे वलगणीचे मासे म्हणतात. ते हातानेंही सांपडतात आणि चवीलाही लागतात. परंतु त्या दिवसांत गळ खुंटीला टांगावा हेंच बरें. मरळ तर आपल्या पिलांची राखण करतो. राखण करणारा गेला, कीं पिलें दुसऱ्याच्या तोंडीं जातात. तसेंच, मासेमारीचा हक्क पुष्कळ धरणांवर स्थानिक संस्थेकडे असतो. अनुमति घेतल्यावांचून बसूं नये.

ते वृद्ध गृहस्थ अजून त्या बांधावर येतात. कित्येकदां गळ न टाकतांच बसून राहतात. एकदां त्यांनीं मला पाण्यांत बोट दाखवून विहीर कोठें होती, आंबा कोठें होता, सारें सांगितलें. त्या दिवसापासून कोणत्याही नव्या धरणावर गेलों, कीं मासा कोठें लागतो हें मी विचारीत नाहीं. येथें पूर्वीं काय होतें, हें काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारतों, आणि मग गळ टाकतों.