वेडी बाभूळ तोडली म्हणजे संपली का?

करकंब परिसरात उजनीचं पाणी पोचलं तिथे ऊस वाढला. ओढे, बांध आणि उघडे माळ मात्र वेड्या बाभळीने धरले. ‘माणसं लावून तोडली, पावसाळ्यात पुन्हा तेवढीच,’ ही तक्रार पंढरपूर तालुक्यात नवी नाही. तक्रार खरीच आहे. चुकते ती तोडण्याची पद्धत.

हे झाड मूळ अमेरिका खंडातलं. १८७७च्या सुमारास सरपणासाठी त्याचं बी मुद्दाम भारतात आणलं गेलं. खोड जमिनीलगत कापलं की बुंध्यावरचे सुप्त डोळे जागे होतात आणि एका खोडाच्या जागी फोकांचं झुडूप उभं राहतं. म्हणून बुंध्याभोवतीची माती उकरून, जिथून फुटवे येतात तो भाग जमिनीखाली वीतभर खोल तोडून बाहेर काढावा लागतो. नुसती कुऱ्हाड पुरत नाही, टिकाव लागतो. मोकळी झालेली जागा उघडी ठेवली तर जुनं बी पुन्हा उगवतं. तिथे मारवेल किंवा पवन्या पेरून एक-दोन पावसाळे चराई बंद ठेवायची आणि कोवळी रोपं ओल असतानाच मुळासकट उपटायची.

शेळ्या-मेंढ्यांमुळे ती आटोक्यात राहते, असंही मानतात. होतं ते उलटंच. जनावरं पाल्याला फारसं तोंड लावत नाहीत, गोड शेंगा मात्र आवडीने खातात. टणक बी पोटातून सुखरूप बाहेर पडतं, त्याचं कवच मऊ झालेलं असतं, वर लेंडीचं खत आयतं. शेंगा गळायच्या दिवसांत कळप बाभळीतून थेट चांगल्या गवताळ माळावर नेला, की बी तिथे पोचलंच.

सर्वांत नुकसान करणारा गैरसमज माळाबद्दल आहे: माळ म्हणजे पडीक, झाडं लावली की जंगल झालं. माळढोक, धाविक, काळवीट, लांडगा यांचं घर हे उघडं गवतच. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातही माळावर गिरिपुष्पाची लागवड झाली. हेही मध्य अमेरिकेकडचं झाड. ते हिरवं दिसतं, पण दूरवरचं पाहून जगणाऱ्या पक्ष्याला तिथे थारा उरत नाही. माळावर सरसकट झाडं लावणं हे संवर्धन नव्हे, हे स्पष्ट बोललंच पाहिजे.

गाजर गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, ही गोष्ट तर सर्वतोमुखी आहे. पण कलकत्त्याच्या बागेतल्या वनस्पतींच्या रॉक्सबर्ग यांच्या १८१४च्या यादीत त्याचं नाव सापडतं. पुण्यात ते नजरेत भरलं १९५०च्या दशकात. ते खाणारा मेक्सिकन भुंगा १९८०च्या दशकात भारतात सोडला. तो पावसाळ्यात जोमाने खातो, कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो. म्हणून आपल्या कमी पावसाच्या भागात फुलोऱ्याआधी उपटणं चुकत नाही.

म्हणून परदेशी ते सगळं वाईट, असंही नाही. आपली ज्वारी आफ्रिकेतली, मिरची नि भुईमूग अमेरिकेतले. ती आपण पेरू तिथेच राहतात. प्रश्न न पेरता पसरणाऱ्यांचा आणि इतरांची जागा बळकावणाऱ्यांचा आहे.

वेड्या बाभळीचं सरपण आणि कोळसा यांवर अनेक गरीब घरांच्या चुली चालतात. त्यामुळे सुरुवात दाट झाडीपासून करू नये. जिथे गवत अजून शाबूत आहे आणि बाभळीची तुरळक रोपं दिसू लागली आहेत, तो माळ आधी हाती घ्यावा. तिथे खर्च सर्वांत कमी येतो आणि कुणाचं सरपणही तुटत नाही.