परत सोडायला रान नसलेली माकडं

झाईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्याला दर पावसाळ्यात जखमी समुद्री कासवं लागतात. कुणाचा पाय जाळ्याच्या तुकड्यात अडकून कापलेला असतो, कुणी लाटांच्या माऱ्याने गळून गेलेलं असतं. डहाणूत वन विभाग आणि ‘वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही स्थानिक संस्था मिळून कासवांचं उपचार केंद्र चालवतात आणि बरं झालेलं कासव पुन्हा समुद्रात सोडलं जातं. डिसेंबर २०१८पासून राज्य सरकारने यात मच्छीमारांची झीजही मान्य केली आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आणा, बरं करा, सोडा: प्राणी वाचवण्याची या पट्ट्यातली समज अशी घडली आहे आणि ती योग्यच आहे. पण घरात पाळलेल्या परदेशी माकडाला ती लागू पडत नाही. ईशान्य ब्राझीलच्या झाडीतला मार्मोसेट सोडायचा कुठे? डहाणूच्या जंगलात तो तगणार नाही, आणि तगलाच तर दुसरंच संकट. खुद्द ब्राझीलमध्ये हौसेने पाळून नंतर सोडून दिलेल्या मार्मोसेटांनी रिओच्या आसपास तिथल्या मूळ जातीशी संकर करून तिलाच अडचणीत आणलं आहे. अशा माकडाला वाचवणं म्हणजे त्याला त्याच्या मरणापर्यंत सांभाळणं. हा भार कुणी उचलायचा, हे आपल्या कायद्याने पन्नास वर्षांत एकदाही स्पष्ट सांगितलं नाही, असं माझं म्हणणं आहे.

देशी माकडांबाबत आपला इतिहास तसा बरा आहे. १९५०च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी भारतातून लाल तोंडाची माकडं प्रचंड संख्येने परदेशी जात होती. ती निर्यात १९७८मध्ये बंद झाली. माकडांना खेळासाठी शिकवायला आणि नाचवायला केंद्राने १९९८च्या अधिसूचनेने मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये ती उचलून धरली. सांभाळण्याच्या कामाचा धडाही मराठी मुलखाला नवा नाही. हेमलकशात डॉ. प्रकाश आमटे यांच्या प्राणी अनाथालयाची सुरुवातच शिकारीत मारल्या गेलेल्या माकडिणीच्या पिल्लापासून झाली. माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू रानात पोट भरू शकत नाही, कळप त्याला घेत नाही, म्हणून ते जन्मभर ठेवावं लागतं, हे तिथे १९७०च्या दशकातच कळून चुकलं होतं. तो धडा धोरणात मात्र उतरला नाही.

कारण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा देशी जातींपुरता होता. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटीस’ करारात भारत १९७६मध्ये सामील झाला. जगातली सगळी माकडं आणि वानरं त्या कराराच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात आहेत, पण त्याचा अंमल व्हायचा तो सरहद्दीवर, बंदरात, विमानतळावर. तिथून निसटलेला प्राणी एकदा देशात आला की प्रश्न संपला. तलासरीच्या आच्छाड नाक्यावर एखाद्या गाडीत असं माकड सापडलं असतं, तरी वन्यजीव कायद्याखाली वनरक्षकाच्या हाती कलमच नव्हतं. जून २०२०मध्ये केंद्राने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची मुभा दिली आणि सहा महिन्यांत कळवलं तर कागदपत्रं मागणार नाही, असं सांगितलं. हेतू नोंद व्हावी हा असेल, परिणाम मात्र चोरवाटेने आलेल्या प्राण्यालाही अधिकृत घर मिळण्याचा झाला. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि साइटीसच्या जाती प्रथमच या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. २८ फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी ‘परिवेश’ संकेतस्थळावर सहा महिन्यांत नोंदणी सक्तीची केली. जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळं कळवायचं. ही मोठी मजल आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण पैदाशीसाठी परवाना लागतो तो पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांना. हौसेने पाळला जाणारा साधा मार्मोसेट दुसऱ्या परिशिष्टात आहे. आणि मालकाला कंटाळा आला, तो आजारी पडला, परदेशी गेला, तर त्या माकडाचा पुढचा खर्च कुणाचा, याचं उत्तर या नोंदणीत नाही.

हा भार किती आहे, ते एका पिंजऱ्यापाशी उभं राहिलं की कळतं. साधा मार्मोसेट जेमतेम तीन-चारशे ग्रॅमचा. जंगलात तो झाडाची साल दातांनी कोरून डिंक खातो, म्हणून निवाऱ्यात लाकडाला भोकं पाडून त्यांत डिंक भरून द्यावा लागतो. नाहीतर प्राणी दिवसभर रिकामा बसतो आणि स्वतःचीच शेपटी चावू लागतो. त्याच्या शरीराला ड जीवनसत्त्वाचा ‘ड-३’ हाच प्रकार लागतो. घरच्या केळी-बिस्किटांवर आणि उन्हाविना वाढलेल्यांची हाडं मऊ होतात, मणका वाकतो. ते नंतरच्या औषधाने सरळ होत नाही. गंधाने खुणा करून जगणारा हा प्राणी असल्यामुळे पिंजरा एका दिवशी सगळा धुवायचा नाही, अर्धा आज, अर्धा आणखी काही दिवसांनी. सगळे वास एकदम पुसले तर तो बिथरतो. माणसाच्या ओठावर उठणाऱ्या तापाच्या फोडाचा विषाणू त्याच्या जिवावर बेततो, म्हणून ओठ फुटलेल्या कर्मचाऱ्याला त्या दिवशी आत जाता येत नाही. एकटं ठेवता येत नाही, अनोळखी जोडीदार अचानक आत सोडता येत नाही, जुळी होतात म्हणून प्रजननही रोखावं लागतं. हे झालं एवढ्याशा माकडाचं. कॅपुचिन जातीचं माकड बंदिवासात चाळीस वर्षंही जगतं. त्याला आणणाऱ्या हौशी तरुणाची उमेद तोवर टिकत नाही.

मी त्यांना प्रेमानेच ठेवतो, असं बाळगणारे सांगतात, आणि बहुतेकांचं प्रेम खरंही असतं. पण पिल्लू माणसाला बिलगतं ते आईपासून लवकर तोडल्यामुळे; वयात आलं की तेच चावतं, मग दात काढले जातात, कमरेला पट्टा येतो, खोलीचं दार बंद होतं. प्रेमाने ही वाढ थांबत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पैदास केंद्रातलं माकड घेतल्याने जंगलाचं काय बिघडतं? बिघडतं असं की नजरेला कायदेशीर आणि चोरटं पिल्लू सारखंच दिसतं, आणि एकाची हौस दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळवून देते. फेब्रुवारी २०२५मध्ये मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानात पाच सियामांग गिबन सापडले. सियामांग सुमात्रा आणि मलाय द्वीपकल्पातला. त्याचं पिल्लू आईच्या अंगाला घट्ट धरून असतं, आणि असं पिल्लू रानातून मिळवायचं तर बहुधा आईला मारावं लागतं. देशातल्या मुलांना पुरेसं नसताना परदेशी माकडांवर खर्च का, असंही विचारलं जातं. हा प्रश्न विचारायलाच हवा. मात्र तो सरकारी तिजोरीआधी मालकाला विचारायला हवा. लाखो रुपये मोजून माकड आणणाऱ्याने त्याच्या आयुष्याची तरतूद आधीच करून ठेवावी, यात गरिबावर अन्याय कुठला?

जामनगरला प्राण्यांचं मोठं खासगी केंद्र आहे, मग अशी सगळी माकडं तिकडे पाठवावीत, हा सोपा उपाय सुचवला जातो. तिथल्या सोयी मोठ्या असतीलही. पण एका घराण्याच्या देणगीवर देशाचं धोरण उभं करणं मला पटत नाही. आणि हौसेने आणलेलं माकड शेवटी कुठेतरी फुकट सांभाळलं जाईल अशी खात्री मिळाली, तर आणणाऱ्याचा हात अधिकच सैल सुटेल. बेल्जियमने २००१मध्ये उलटा मार्ग धरला: पाळण्यास योग्य सस्तन प्राण्यांची यादी केली आणि यादीबाहेरचे सगळे घरात निषिद्ध ठरवले. युरोपीय न्यायालयाने २००८मध्ये अशी यादी तत्त्वतः मान्य केली. आपल्याकडेही २०२४च्या नियमांत एवढी भर हवी: घरगुती माकडांची पैदास बंद, नवी खरेदी बंद, आणि आज नोंदलेल्या प्रत्येक माकडामागे मालकाची आजन्म अनामत, जिच्यातून निवाऱ्याचा खर्च निघेल. तोवर, पालघरात किंवा कुठेही असं माकड घरात असेल आणि झेपत नसेल, तर ते विकू नका, भेट देऊ नका, रानात सोडू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.