प्लास्टिकला चिकटवण का धरत नाही?

बादली, क्रेट किंवा बॅटरीची पेटी महागड्या चिकटवणीने जोडून दिली, तरी चार दिवसांत सांधा सालीसारखा सुटतो आणि गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहते, अशी आमच्या कारागीर बांधवांची नेहमीची तक्रार आहे. दोष बहुधा चिकटवणीचा नसतो.

पीव्हीसी पाइपाचे सॉल्व्हंट सिमेंट पाइपाचा वरचा थर विरघळवून दोन्ही भाग एकजीव करते. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन नेहमीच्या तापमानाला अशा द्रावकांना दाद देत नाहीत. शिवाय त्यांचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. पृष्ठऊर्जेच्या मापात पॉलिथिलीन सुमारे ३१ डाइन, टेफ्लॉन तर १९ च्या आसपास. एपॉक्सी सुमारे ४५. त्यामुळे चिकटवण पसरतच नाही, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होते. नुसता सँडपेपर मारून हे बदलत नाही.

म्हणून आधी माल ओळखावा. तळाशी त्रिकोणात २ किंवा ४ असल्यास पॉलिथिलीन, ५ असल्यास पॉलिप्रॉपिलीन. खूण नसेल तर छोटी चकती कापून पाण्यात टाकावी. हे दोन्ही तरंगतात; पीव्हीसी, एबीएस, नायलॉन बुडतात. मात्र खडूची भुकटी मिसळलेला माल फसवू शकतो.

आमच्या मते पहिला इलाज वेल्डिंगच. तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. कडा खरवडून इंग्रजी व्ही आकाराची खाच करावी. गरम हवेच्या गनने, नोझलपाशी सुमारे ३०० अंश सेल्सिअस ठेवून, त्याच जातीची सळई खाचेत दाबत न्यावी. पॉलिप्रॉपिलीनची सळई पॉलिथिलीनला धरत नाही. इथेच पुष्कळ कामे बिघडतात. सांधा पाणी ओतून थंड करू नये.

वेल्डिंग जमण्यासारखे नसेल तर ज्योतीचा उपाय आहे. भाग पुसून कोरडा करावा आणि गॅसच्या निळ्या ज्योतीचे बाहेरचे टोक त्यावरून झरकन फिरवावे. एका जागी थांबू नये, प्लास्टिक वितळता कामा नये. ज्योतीने पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट तयार होतात आणि चिकटवण धरू लागते. पाण्याचा थेंब आता पसरतो का ते पाहावे. पसरला तर भाग कोरडा करून, बोट न लावता, लगेच एपॉक्सी लावावे. उशीर केल्यास गुण उतरत जातो. छोट्या कामाला पॉलिओलेफिन प्रायमर लावून वर सायनोअॅक्रिलेट चालते, पण तो सांधा सोलणारा ताण सोसत नाही. हे गिऱ्हाईकाला पैसे घेण्याआधी सांगावे. कामातला ऐब झाकणे आपल्याला जायज नाही.

पीव्हीसी तापवताना जळू देऊ नये, त्यातून हायड्रोक्लोरिक अॅसिडचा वायू निघतो. आणि पेट्रोल किंवा थिनरचा डबा कितीही धुतलेला असला तरी त्यावर ज्योत किंवा गन धरू नये. असे काम सरळ परत करावे.